पुस्तक मोबाइलवर आले, अक्षर मात्र मुंगीएवढेच

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला सांडोर, पापडी, गिरीज या गावांमध्ये आता अनेक घरांचे चित्र सारखेच झाले आहे. घरात साठी-सत्तरीतले आई-वडील, मुले मुंबईत नोकरीला नाहीतर आखातात किंवा कॅनडात. आईला वाचायची आवड, म्हणून मुलगी तिकडून मोबाइलवर पुस्तक पाठवते. दिवाळी अंक, एखादी कादंबरी, नातवंडांसाठी चित्रकथा. त्यातली एक फाइल उघडतच नाही. दुसरी उघडते, पण अक्षर मुंगीएवढे. दोन बोटांनी ताणून मोठे केले की निम्मी ओळ पडद्याबाहेर जाते. मग पान डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, पुढची ओळ शोधा. चार-पाच पानांत मोबाइल बाजूला ठेवला जातो आणि वाक्य ऐकू येते, ‘आता डोळ्यांना झेपत नाही गं.’

घरचे लोक साहजिकच चष्म्याकडे बोट दाखवतात. नंबर तपासला जातो, नवा चष्मा येतो, तरी वाचन होत नाही. शेवटी वय झाले म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात अशा कित्येक प्रसंगांत दोष निम्मा डोळ्यांचा आणि निम्मा फाइलचा असतो. मोतीबिंदू काढून झाला आहे, मधुमेहाने पडद्यावर झालेल्या इजेवर उपचार झाले आहेत, काचबिंदूचे थेंब चालू आहेत, आणि तरीही नजर पूर्वीसारखी येणार नाही, अशा रुग्णाच्या बाबतीत पुस्तक कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये आहे हा प्रश्न चष्म्याच्या नंबराइतकाच महत्त्वाचा ठरतो. नेत्रतपासणीत तो क्वचितच विचारला जातो. दवाखान्यात तक्ता वाचून घेतात. रोज काय वाचता आणि कशावर वाचता, हे विचारायला वेळ उरत नाही.

मोबाइलवर येणारी पुस्तके ढोबळमानाने दोन जातींची असतात. एका जातीत पान गोठलेले असते, दुसऱ्या जातीत मजकूर वाहता असतो.

गोठलेल्या पानाचा सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे पीडीएफ. अडोबी कंपनीने तो १९९३ मध्ये आणला. हेतू असा की एका संगणकावर मांडलेले पान दुसऱ्या कुठल्याही संगणकावर आणि छपाई यंत्रावर जसेच्या तसे दिसावे. ओळ जिथे तुटली तिथेच तुटावी, चित्र जिथे आहे तिथेच राहावे. सरकारी अर्ज, दाखले, लग्नपत्रिका यांसाठी हे उत्तमच. पण पुस्तकाचे काय होते ते साध्या गणिताने कळेल. ए-फोर आकाराचे पान २१ सेंटिमीटर रुंद असते. मोबाइलचा पडदा जेमतेम ७ सेंटिमीटर. म्हणजे पान एक तृतीयांश झाले आणि त्यावरचे १२ पॉइंटांचे अक्षर ४ पॉइंटांचे झाले. वृत्तपत्राचे अक्षर साधारण ८-९ पॉइंटांचे असते. हे त्याच्याही निम्मे. तरुण, निरोगी डोळ्यालाही हे अक्षर जेमतेम लागते. सत्तरीतल्या डोळ्याकडून त्याची अपेक्षा करणे म्हणजे अन्यायच.

वाहत्या मजकुराचा प्रमुख प्रकार ईपब. २००७ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला आणि आज त्याची देखभाल वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था करते. ईपब म्हणजे मुळात एक गाठोडे. संगणकात अनेक फाइली एकत्र बांधण्याची झिप नावाची पद्धत आहे, तशीच बांधलेली पुरचुंडी. आत प्रकरणांचा मजकूर, चित्रे, अनुक्रमणिका आणि मजकूर कसा दिसावा याच्या सूचना वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. पान मात्र आत कुठेच नसते. पान तयार होते ते वाचणाऱ्याच्या पडद्यावर, त्याने निवडलेल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे. अक्षर दुप्पट केले की ओळी आपोआप लहान होऊन खाली उतरतात. पुस्तकाची पाने कितीतरी पटींनी वाढतात, पण एकही शब्द पडद्याबाहेर जात नाही. ॲमेझॉनच्या किंडलची स्वतःची रूपे वेगळी आहेत. जुने मोबी हे त्यांतलेच. वागणूक मात्र ईपबसारखीच, वाहती.

चित्रकथांच्या फाइली तिसऱ्याच. सीबीझेड आणि सीबीआर ही नावे पाहून अनेकांना वाटते की हा काही तरी व्हायरस आहे. तसे काही नाही. यातले ‘सीबी’ म्हणजे कॉमिक बुक. पानांची छायाचित्रे क्रमाने एका गाठोड्यात बांधलेली असतात. झिप पद्धतीने बांधली तर सीबीझेड, रार पद्धतीने बांधली तर सीबीआर. आत अक्षर म्हणून काहीच नसते, सगळे चित्र. संगणकावर अशा फाइलच्या नावाच्या शेवटचे ‘सीबीझेड’ बदलून ‘झिप’ केले की ती साध्या फोल्डरसारखी उघडते आणि आत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चित्रे रांगेने दिसतात. रांग चुकली असेल तर कारण बहुधा एकच: पानांना १, २, ३ अशी नावे दिलेली असतात आणि काही यंत्रे १ नंतर १० घेतात. नाव ००१, ००२ असे दिले की गोष्ट सरळ चालू लागते.

मराठीत याचे सर्वांत सुंदर उदाहरण ‘किशोर’ मासिकाचे आहे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. आज पन्नाशीत असलेल्यांचे बालपण त्या पानांत आहे. मुखपृष्ठे, रेखाटने, कोडी, सगळे जसेच्या तसे. नातवाला मांडीवर घेऊन हे अंक टॅब्लेटवर किंवा टीव्हीवर पाहावेत, आनंदच आहे. पण ही पाने छायाचित्रेच आहेत. जपणूक म्हणून ती योग्य, वाचन म्हणून अधू डोळ्याला अवघड. आजोबांना गोष्ट वाचून दाखवायची असेल तर मोबाइलचा पडदा पुरत नाही. किमान १० इंची पडदा लागतो. चित्रकथेच्या बाबतीत यावर दुसरा उपाय नाही. तिथे पडदा मोठा हवा.

आता फाइल उघडण्याबद्दल. पीडीएफ बहुतेक मोबाइलवर थेट उघडते. ईपब मात्र अँड्रॉइड मोबाइलवर व्हॉट्सॲपमधून आले की अनेकदा ‘ही फाइल उघडता येत नाही’ असा संदेश येतो आणि लोक ती खोडून टाकतात. फाइल बिघडलेली नसते, तिला वाचणारे ॲप फोनमध्ये नसते इतकेच. गूगल प्ले बुक्समध्ये स्वतःकडची ईपब आणि पीडीएफ टाकता येतात. रीडएरा हे विनामूल्य ॲप या दोन्हींबरोबर मोबी आणि चित्रकथांच्या फाइलीही उघडते. आयफोनवर ईपबसाठी बुक्स हे ॲप आधीपासून असते. किंडलवर पुस्तक पाठवायच्या सोयीत २०२२ पासून ईपब चालते. संगणक असेल तर कॅलिबर हा विनामूल्य प्रोग्राम घ्यावा. कोविद गोयल या भारतीय संगणकतज्ज्ञाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि एका रूपातले पुस्तक दुसऱ्या रूपात नेण्यासाठी जगभर तोच वापरला जातो. एक खबरदारी: पुस्तक म्हणून आलेल्या फाइलचे नाव ‘एपीके’ने संपत असेल तर ते पुस्तक नव्हे, फोनमध्ये बसवायचा प्रोग्राम असतो. लग्नपत्रिकेच्या नावाने अशा फाइली पाठवून बँक खाती रिकामी केल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या आहेत. ती उघडू नये.

हे झाले यंत्राचे. पण वाहता मजकूर हवा कशासाठी, हे डोळ्याच्या बाजूने पाहिले तर अधिक स्पष्ट होते.

वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. करड्या कागदावरची करडी अक्षरे याच कारणाने वयस्कांना सुटी होत नाहीत. इथे नंबर बदलून फरक पडत नाही, अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक गडद करावा लागतो. शिवाय सलग वाचायला अक्षर नुसते ओळखू येऊन भागत नाही. जेमतेम ओळखू येणाऱ्या अक्षराच्या साधारण दुप्पट आकार मिळाला तर वाचन सहज होते. ज्याची नजर ६/१८ आहे, म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर ज्याला ६ मीटरवरच दिसते, त्याला वृत्तपत्राचे अक्षर जेमतेम ओळखता येईल. पण कादंबरी वाचायची तर त्याच्या दुप्पट आकार लागेल. पीडीएफ ताणून इतका आकार मिळतो, पण त्याबरोबर ओळ तुटते. एका नजरेत तीन-चार शब्द एकत्र टिपत पुढे जाणे हे वाचनाचे तंत्र आहे. दर ओळीला बोटाने पान सरकवावे लागले की ते तंत्र मोडते, वेग मंदावतो, अर्थाचा धागा सुटतो.

सगळ्यांना मोठे अक्षरच हवे असते असेही नाही. इथे आजारानुसार फरक पडतो आणि याची माहिती रुग्णांना सहसा दिली जात नाही. मोतीबिंदूत मुख्य त्रास उजेड पसरण्याचा. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर काळी अक्षरे त्यांना चकाकीत विरघळल्यासारखी वाटतात; काळ्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे, म्हणजे डार्क मोड, केली की बरे वाटते. त्याउलट ज्यांच्या डोळ्यांत सिलिंडरचा नंबर मोठा आहे, त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे फुटल्यासारखी दिसतात. नेत्रपटलाच्या मध्यभागाची झीज झालेल्या रुग्णाची अडचण आणखी वेगळी. ज्या जागेने आपण अक्षर पाहतो तीच जागा बाद होते, कडेची नजर शाबूत असते. या रुग्णाला अक्षर बरेच मोठे हवे, ओळींमध्ये अंतर जास्त हवे आणि शब्द सुटे हवेत. काचबिंदू पुढे गेलेल्या रुग्णाचे नेमके उलट असते: मधले दिसते, कडेचे जाते, जणू नळीतून पाहणे. त्याच्यासाठी अक्षर फार मोठे केले तर नळीत एक-दोनच अक्षरे मावतात आणि वाचन अधिकच खुंटते. त्याला मध्यम आकार, अरुंद ओळ आणि गडद अक्षर सोयीचे. मधुमेहात पडद्यावर ठिकठिकाणी डाग पडतात. साखर वर-खाली झाली की नजरही काही दिवस बदलते, त्यामुळे सोमवारी चाललेला आकार शुक्रवारी चालेलच असे नाही.

छापील पुस्तक यातले काहीच करू शकत नाही. पीडीएफही नाही. वाहता मजकूर हे सगळे करू शकतो, कारण त्याचे दिसणे वाचणाऱ्याच्या हाती असते. ॲपमध्ये ‘एए’ अशा खुणेमागे ही सगळी कळ असते: आकार, ओळींमधले अंतर, कडेची जागा, रंग. मुलांनी सुटीत घरी आल्यावर आईला नवा फोन देण्याऐवजी अर्धा तास बसून हे चार पर्याय तिच्या डोळ्यांप्रमाणे लावून दिले तर जास्त उपयोग होईल.

देवनागरीची स्वतःचीही एक गरज आहे. इंग्रजीत ओळीच्या वर-खाली फारसे काही नसते. मराठीत वर रफार, अनुस्वार, वेलांट्या. खाली उकार, रकार. नजर अधू झाली की आधी ही चिन्हे जातात. माडी आणि मांडी, भरण आणि मरण, घार आणि धार यांतला फरक कागदावर एका बारीक रेघेचा किंवा ठिपक्याचा आहे. वाचणारा संदर्भाने जुळवून घेतो, पण त्याला दर वाक्यात तर्क करावा लागतो आणि त्याचा थकवा येतो. ‘वाचले की डोके दुखते’ या तक्रारीमागे कधी कधी हेच असते. म्हणून मराठी मजकुराला आकाराइतकेच ओळींमधले अंतर वाढवणे गरजेचे. इंग्रजी पुस्तकासाठी ठेवलेली मांडणी मराठीला तशीच लावली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

मराठी फाइलींची सर्वांत मोठी पंचाईत अजून पुढेच आहे. ती डोळ्यांना दिसतच नाही, कानांना कळते.

ज्यांना मोठे अक्षरही वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोन मजकूर वाचून दाखवतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक ही सोय असते, आयफोनवर व्हॉइसओव्हर, आणि संगणकासाठी दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा विनामूल्य प्रोग्राम. गूगलचा मराठी आवाज बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पण अनेक मराठी पीडीएफ लावल्या की हा आवाज एक तर गप्प बसतो किंवा ‘डॉलर, कंस, कॅपिटल ए’ अशी बडबड करू लागतो. गप्प बसतो तेव्हा ते पान निव्वळ छायाचित्र असते. बडबड करतो तेव्हा कारण वेगळे. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आहे. त्याआधी आणि नंतरही बराच काळ मराठी छपाईत असे फाँट वापरले गेले, ज्यांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी चिन्हांचाच असतो, फक्त त्या चिन्हांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवलेले असतात. मांडणीच्या जुन्या प्रोग्राममध्ये हेच फाँट नीट चालत, म्हणून प्रकाशकांनी ते वर्षानुवर्षे ठेवले. कागदावर काहीच बिघडत नाही. अंध वाचकासाठी मात्र ते पुस्तक कुलूपबंद.

लिपी आणि यंत्र यांचे हे भांडण मराठीला नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, तेव्हा भाषा मराठी आणि अक्षरे रोमन होती, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. ते देवनागरीत छापून यायला शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली. रोमन अक्षरांतला तो मराठी मजकूर आजच्या बोलक्या फोनला दिला तर तो इंग्रजी शब्दांसारखा उच्चारील. वसईतल्या सामवेदी बोलीतला मजकूर देवनागरी युनिकोडमध्ये असेल तर मात्र फोन तो निदान वाचतो. हेल पुणेरी येतो, त्याला इलाज नाही.

आपल्याकडची फाइल कोणत्या जातीची आहे हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. एका ओळीवर बोट दाबून धरावे. शब्द निवडलाच गेला नाही तर ते चित्र. निवडला गेला तर तो कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवावा. मराठी मराठीच राहिली तर पुस्तक बोलू शकते. विचित्र चिन्हे उमटली तर नाही. अशा वेळी गूगल लेन्सने पानाचा फोटो घेऊन त्यातला मजकूर ओळखून घेता येतो. स्वच्छ छपाई असेल तर मराठी चांगली ओळखली जाते, जोडाक्षरांत चुका होतात. पत्र, औषधाची चिठ्ठी, एखादे प्रकरण यासाठी ठीक. ४०० पानांच्या कादंबरीसाठी नव्हे.

मग मराठी वाहता मजकूर मिळतो कुठे? डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके आहेत. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहे, म्हणजे मोठा करून वाचताही येतो आणि ऐकताही. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात तुकाराम गाथेसारखे ग्रंथ आहेत आणि तिथले पुस्तक ईपब म्हणून उतरवून घेता येते. लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षे झाली की भारतात त्याचे साहित्य सर्वांना खुले होते, त्यामुळे ही यादी वाढतच जाणार. ठाण्याचे ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके विनामूल्य देते, बहुतेक पीडीएफ रूपात. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही पीडीएफमध्ये मिळतात. व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या स्कॅन प्रतींचा मात्र विचार सोडावा. त्यात लेखक-प्रकाशकाचे नुकसान आहेच, शिवाय तिरपी, काळवंडलेली ती पाने डोळ्यांना सर्वांत वाईट.

ज्यांची नजर छापील वाचनाच्या पलीकडे गेली आहे त्यांच्यासाठी कायदा अधिक उदार आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप करायला मुभा मिळाली. पुढे २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश इथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या दिव्यांग विभागाने डेझी फोरम ऑफ इंडियाबरोबर ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. तिथे भारतीय भाषांतली पुस्तके ईपब आणि डेझी या बोलक्या रूपात मिळतात. सभासद होण्यासाठी छापील मजकूर वाचता येत नसल्याचा पुरावा लागतो. तो केवळ पूर्ण अंधांनाच मिळतो हा गैरसमज आहे. अल्पदृष्टी असलेले आणि वाचनदोष असलेली मुलेही यात येतात. सरकारी रुग्णालयातून नेत्रदोषाचा दाखला काढताना लोक रेल्वेची सवलत विचारतात, ग्रंथालय कुणी विचारत नाही.

पडद्यावर वाचल्याने डोळे खराब होतात का, हा प्रश्न हमखास येतो. प्रौढांच्या डोळ्यांना पडद्याने कायमची इजा होत नाही. पापण्यांची उघडझाप मात्र मिनिटाला सुमारे १५ वरून निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. मुद्दाम पापण्या मिटणे आणि वीस मिनिटांनी लांब पाहणे, एवढे पुरते. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांनी हा थकवा कमी होत असल्याचा पुरावा २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात सापडला नाही. ते पैसे वाचवावेत. झोपेचे वेगळे आहे. अमेरिकेत १२ जणांवर झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी काही तास प्रकाशमान पडद्यावर वाचल्यावर झोप यायला छापील पुस्तकापेक्षा सुमारे १० मिनिटे जास्त लागली आणि झोपेचे संप्रेरक उशिरा वाढले. प्रयोग लहान आहे आणि पडद्याचा उजेड पूर्ण ठेवलेला होता. रात्री उजेड मंद करून वाचणाऱ्या, एरवी शांत झोपणाऱ्या आजींना त्यावरून धास्ती घालण्याचे कारण नाही. ई-इंक पडद्याची वाचनयंत्रे कागदासारखी बाहेरच्या उजेडात वाचता येतात; डोळे लवकर थकणाऱ्यांनी ती पाहावीत.

अक्षर वाढवण्याच्या या सोयीचा एक धोकाही आहे. छापील वृत्तपत्र दिसेनासे झाले की माणूस डॉक्टरकडे येतो. फोनवर तो निमूटपणे आकार एक घर वाढवतो आणि पुढे वाचत राहतो. सहा महिन्यांनी आणखी एक घर. अशा रीतीने मोतीबिंदू लपला तर फारसे बिघडत नाही, तो नंतरही काढता येतो. मधुमेहाने पडद्याला आलेली सूज किंवा पडद्याच्या मध्यभागी होणारा रक्तस्राव लपला तर गेलेली नजर परत आणणे कठीण. म्हणून वर्षभरात आकार दोनदा वाढवावा लागला असेल, ओळी सरळ असूनही वाकड्या दिसत असतील, शब्दाचा मधलाच भाग गायब होत असेल किंवा एका डोळ्याने वाचताना पान अंधूक असेल, तर वाचनाचे ॲप बंद करून आधी नेत्रतज्ज्ञ गाठावा. एक डोळा झाकून वाचून पाहण्याची सवय महिन्यातून एकदा तरी असावी; दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो. मधुमेहींनी तक्रार असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचाच.

काचबिंदूचे याहून फसवे. त्यात मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून वाचन चालू असते आणि सगळे ठीक वाटते. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नसेची तपासणी वाचनाच्या भरवशावर टाळू नये.

तपासणीला जाताना चष्मा आणि जुने कागद नेतात, तसा मोबाइलही न्यावा. नेहमीचे पुस्तक नेहमीच्या आकारात उघडून डॉक्टरांना दाखवावे, किती अंतरावर धरून वाचता तेही दाखवावे, आणि मागच्या दिवाळीत आकार किती होता हे आठवत असेल तर सांगावे. तक्त्यावर न दिसणारी माहिती त्यातून मिळते, आणि जवळच्या वाचनाचा चष्मा नेमका कोणत्या अंतरासाठी द्यायचा तेही ठरवता येते.